चाळीस चिंचोके

बंगळुरात आल्यावर पहिलं वर्षभर प्रेमाला तोंडच नव्हतं. म्हणजे होतं, पण ते फक्त जेवायला. वर्गातलं कन्नड कळेना, बाईंचं इंग्रजी कळेना. मिरजेच्या शाळेत नाटकातल्या सगळ्यांचे संवाद जिला पाठ, ती पोरगी मल्लेश्वरमच्या शाळेत शेवटच्या बाकावर मातीच्या गणपतीसारखी बसून असायची. मग दुसऱ्या वर्षी एकदा भूगोलाच्या तासाला तिचा हात आपोआप वर गेला, उत्तर बरोबर आलं, आणि तेव्हापासून ती जी बोलायला लागली ती थांबायचं नावच घेईना. आता १९६३ साल चाललं होतं, शाळेचं शेवटचं वर्ष होतं, वादविवादाचा पेला तिच्या नावावर होता आणि भाजीवाल्याशी कन्नडमधून भांडून ती वर कोथिंबीर फुकट आणत होती.

अशा या प्रेमाला त्या शनिवारी सकाळी घास गिळवेना.

समोर दादा बसला होता. नंदकिशोर, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. त्याच्या ताटलीतलं उप्पीट थंड होऊन दगड झालं होतं.

"दादा, खा ना रे."

"भूक नाही."

"काल पण नव्हती."

"मग आज कुठून येईल?"

प्रेमानं दोन्ही ताटल्या उचलून झाकून ठेवल्या.

गोष्ट अशी होती. पुण्याची रेडिओ कारखान्यातली चांगली नोकरी सोडून दादा इथल्या एका संशोधन संस्थेत आला होता, प्रेमालाही शिकायला बरोबर घेऊन. तिथले शेषगिरी सर बेडकाच्या नसांचा अभ्यास करत. बेडकाच्या पायाचा स्नायू ताणला की त्याच्या नसेतून विजेचे बारीक बारीक झटके धावतात. ताण जास्त, तर झटके जास्त. ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्यावर प्रत्येक झटका उभ्या काट्यासारखा दिसतो, म्हणून सगळे त्यांना काटेच म्हणत. पडद्यापुढे कॅमेरा लावून लांबच लांब फिल्म घ्यायची, धुवायची, वाळवायची आणि मग कुणीतरी बसून त्यावरचे काटे एकेक करून मोजायचे. एका आकड्यासाठी अख्खा दिवस!

ते कुणीतरी म्हणजे गोजराबाई. सगळे तिला गोजराक्का म्हणत. तिचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून बंगळुरात. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण लागलं की दोन्ही. लग्नाआधीपासून ती सिद्लघट्ट्याच्या बाजारात रेशमाचे कोश मोजायची. त्या काळी कोश तोलून नाही, मोजून विकत. नवरा गेल्यावर कुणाच्या तरी ओळखीनं ती संस्थेत लागली, आणि सात वर्षं झाली, खिडकीशी बसून भिंगाखालून फिल्म सरकवत काटे मोजत होती. पहिल्याला 'एक' म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची, धान्य मापताना म्हणतात तसं. लाभ, दोन, तीन. वीस झाले की एक कोडी, आणि कोडी झाली की एक चिंचोका बाजूला.

आणि दादानं काय केलं, तर काटे आपोआप मोजणारं यंत्र बनवलं. एक पत्र्याचा डबा, आत रेडिओत असतात तसे काचेचे व्हॉल्व्ह, बाहेर टेलिफोनच्या भंगारातून आणलेला आकडे पलटणारा काउंटर. नसेतून काटा आला की डब्यात खट्, आकडा एकानं पुढे. फिल्म नको, धुणं नको, वाळवणं नको.

"पण त्याला कसं कळतं, काटा कुठला आणि नुसती खरखर कुठली?" प्रेमानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"आपल्या दाराला उंबरठा आहे ना? गल्लीतली धूळ त्याच्या बाहेर अडते, माणूस पाय उचलून आत येतो. तसा डब्याला मी विजेचा उंबरठा केलाय. जो काटा त्याच्याहून उंच, तो आत आला, मोजला. बाकी सगळं बाहेर."

"आणि बुटका माणूस आला तर?"

"तू फार बोलतेस हल्ली," दादा म्हणाला होता, पण हसत.

आता हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कारण डबा चुकत होता. नेहमी, आणि नेहमी जास्तच मोजायचा. गोजराक्का म्हणे सहाशे सहा, डबा म्हणे सहाशे छत्तीस. गोजराक्का एक हजार चौदा, डबा एक हजार चौसष्ट. दादानं डब्याला दुसऱ्या यंत्रावरून मोजून पाचशे झटके दिले, तर पठ्ठ्या बरोबर पाचशे सांगे! नस लावली की मात्र वर. म्हणजे खरखर आत शिरते, असं म्हणून दादानं उंबरठा उंच केला. तर नस दमल्यावर काटे बुटके होतात, ते सगळे बाहेरच राहिले आणि आकडा नऊशेवर घसरला. खाली आणला तर तेराशे. तीन महिने तो बटण केसभर इकडे आणि केसभर तिकडे फिरवत होता. डोळे खोल गेले होते. स्वतः फिल्म मोजायला बसला, तर एकदा हजार एकोणतीस आले, एकदा नऊशे ब्याण्णव. प्रेमानं मोजले तर तिसरंच काही. गोजराक्का मात्र तीनदा मोजो की तेरादा, आकडा तोच.

"याला माप म्हणतात, नंदकिशोर," शेषगिरी सर म्हणाले. "तुमच्या डब्याला नाही." आणि त्यांनी मुदत दिली. शनिवारी दुपारी तीन. डबा आणि गोजराक्का यांच्यात शंभरात दोनपेक्षा जास्त फरक पडला, तर सोमवारी डबा खोलून त्यातले व्हॉल्व्ह दुसऱ्या खोलीला द्यायचे. दादाची शिष्यवृत्ती या महिनाअखेर संपत होती. डबाच नाही, तर ती वाढणार कशावर?

परवा मिरजेहून बाबांचं कार्ड आलं होतं. "नसेल जमत तर दोघंही निघून या. प्रेमाचीही शाळा पुष्कळ झाली."

पुष्कळ झाली! आत्ता कुठे तर तिला तोंड फुटलं होतं.

*

शाळेला सुट्टी होती. दोघं संस्थेत पोहोचली तेव्हा गोजराक्का पायरीवर डबा घेऊन उभी होती. जेवणाचा.

"अय्यो, काय तोंडं ही दोघांची! सुतकातनं आलाय काय?" तिनं डबा प्रेमाच्या हातात कोंबला. "शेंगाची चटणी हाय. तुझ्या अण्णाला घाल. त्याचा तो डबा माझ्या पोटावर बसायला निघालाय, आन् मी त्याच्यासाठी चटणी कुटून आणते. येडी कोण, सांग बघू."

"मी," प्रेमा म्हणाली.

"सरी, बरोबर. तू तर हायेसच."

खोलीत दादा तारा जोडत होता. के. आर. पुरमच्या तळ्यावरून आणलेले बेडूक कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली अधूनमधून डराव डराव करत होते. प्रेमा दादाच्या कानाशी वाकली. रात्रभर जे मनात घोळत होतं ते तिनं एका दमात सांगून टाकलं.

"दादा, नेहमी विसात एखादा जास्त येतो ना? मग डब्याचा आकडा सरांना सांगताना तेवढे कमी करून सांग. काउंटर तूच वाचतोस. कुणाला कळतंय?"

त्यानं मान वर केली. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"खोटं मोजायला यंत्र कशाला हवं, प्रेमे? त्याला माणसं आहेत की."

दहा वाजता शेषगिरी सर आले. उंच, स्वच्छ धोतर, वर कोट, बोलणं मोजून मापून. नस तारांवर ठेवली गेली, स्नायूला वजन टांगलं, कॅमेरा घुर्र करून सुरू झाला. लाउडस्पीकरमधून टक् टक् टक् असा आवाज येऊ लागला, आणि डबा त्याच्यामागे खट् खट् खट् धावू लागला. बरोबर दोन मिनिटं.

आठशे एक्कावन्न.

सरांनी काउंटर स्वतः वाचला, वहीत लिहिला. "गोजराबाईंना हा सांगायचा नाही," ते प्रेमाकडे बघत म्हणाले. "तीन वाजता येतो." या मुलीचं तोंड किती चालतं हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

फिल्म धुवून, पंख्याखाली वाळून गोजराक्काच्या हातात पडेपर्यंत दोन वाजले. ती खिडकीशी बसली, भिंग ओढलं, कमरेच्या पिशवीतून चिंचोके काढले. "लाभ, दोन, तीन," ओठातल्या ओठात. दादा व्हरांड्यात येरझारा घालत होता. प्रेमा भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि आठवतील त्या सगळ्या देवांना नवस बोलून मोकळी झाली. मिरजेच्या दर्ग्यालासुद्धा एक नारळ कबूल केला.

पावणेतीनला गोजराक्कानं पाठ सरळ केली.

"आठशे अकरा."

दारात उभ्या दादानं ते ऐकलं. आत आला, खुर्ची ओढली, आणि पेचकस घेऊन डब्याच्या झाकणाचा पहिला स्क्रू फिरवायला लागला.

"दादा, सर सोमवारी म्हणाले होते."

"आजच करतो. दुसऱ्या कुणी हात लावण्यापेक्षा मीच लावतो."

गोजराक्काला काय ते कळलं असावं. ती जेवणाचे रिकामे डबे उचलून नळावर धुवायला गेली. स्क्रू फिरल्याचा कुरकुर आवाज येत राहिला. प्रेमाला तो ऐकवेना. हाताला काही तरी चाळा हवा म्हणून ती गोजराक्काच्या टेबलापाशी गेली आणि चिंचोके गोळा करून पिशवीत टाकू लागली. टाकता टाकता मोजत गेली. मोजायची सवयच लागली होती इथं सगळ्यांना.

चाळीस.

बरोबरच होतं. चाळीस कोड्या म्हणजे आठशे, वरचे अकरा. आणि डब्याचे आठशे एक्कावन्न. म्हणजे फरक चाळीस.

चाळीस चिंचोके, आणि फरकही चाळीस?

प्रेमानं मागचे आकडे आठवून पाहिले. मागच्या वेळी हजार चौदा होते, म्हणजे चिंचोके पन्नास. डबा म्हणाला हजार चौसष्ट. फरक पन्नास! त्याच्या आधी सहाशे सहा. तीस चिंचोके. फरक तीस!

ती धावतच व्हरांड्यात गेली.

"गोजराक्का! कोडी झाली, चिंचोका सरकवला, की पुढचा काटा तू काय करतेस?"

"काय करते म्हंजे? सोडते." तिनं डबा उपडा घातला. "त्यो सुटीचा."

"सुटीचा?"

"विसावर एक सुटीचा. कोश इकताना टाकायचा असतोय की गं. विसात एखादा पोचा निघतोच, आत किडा मेलेला. घेणाऱ्याचं नुकसान नको म्हणून वर एक द्यायचा, मोजायचा न्हाई. न टाकणाऱ्याला आमच्या बाजारात चोर म्हणतात." आणि जरा अभिमानानं ती म्हणाली, "माझ्या हातनं एक दिवस चुकला न्हाई बघ."

"पण अक्का, इथं विकायचं कुठं आहे? आणि पोचा कुठला? हा प्रत्येक काटा खरा आहे. प्रत्येक!"

गोजराक्काचा हात नळाच्या धारेखाली तसाच राहिला.

"मला कुणी सांगितलंय? साहेब म्हणाले मोज. मी मोजलं. जसं मोजतात तसं."

मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत गेलं, आणि ते बघताना प्रेमाला एकदम कळलं की आपण काय केलंय. सात वर्षं. कपाटातले ते सगळे फिल्मचे डबे. सरांनी परदेशी पाठवलेले सगळे आकडे. सगळ्यांत विसावा भाग कमी. आणि हे सांगितलं तर दादाचा डबा राहील, मग गोजराक्काला ठेवतील कशाला? आणि नाही सांगितलं तर?

"अण्णाचा डबा बरोबर होता, न्हवं?" गोजराक्का पाण्याकडे बघत म्हणाली. "सुरवातीपासनं."

प्रेमानं नळ बंद केला.

"तीन वाजले की गं," गोजराक्का म्हणाली, आणि ओल्या हातानंच आत गेली.

*

शेषगिरी सर आले तेव्हा झाकण निघालेलं होतं, व्हॉल्व्ह उघडे पडले होते. सरांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले.

"शंभरात पाच," ते म्हणाले. "मला वाईट वाटतं, नंदकिशोर. खरंच वाटतं. मेहनत होती."

"हो, सर."

आता! प्रेमाच्या मनात कुणीतरी ओरडलं. आता बोल! कन्नडमधून बोल, इंग्रजीतून बोल, हातवारे करून सांग! तिनं तोंड उघडलं. दादाचे वाकलेले खांदे दिसत होते. गोजराक्काचा ओला पदर दिसत होता. सकाळी याच बाईनं चटणी कुटून आणली होती. आणि जीभ टाळूला चिकटली ती सुटेचना. पुन्हा तो शेवटचा बाक. पुन्हा मातीचा गणपती. दादानं मुख्य तारेवर हात ठेवला, आता ती ओढली की संपलं, आणि प्रेमाच्या डोळ्यांतून नुसतं घळाघळा पाणी यायला लागलं.

"स्वल्प निल्लि, सार."

जरा थांबा म्हणत गोजराक्का पुढे आली होती. तिनं सरांकडे बघितलं नाही, दादाकडेही नाही. कन्नडमध्ये, सरळ, काही न लपवता, बाजारातला कोश, कोडी आणि सुटीचा एक, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मी पुन्ना मोजते. मोठ्यानं. तुम्ही हितं उभं राहा."

"सगळे?" सरांचा आवाज कसनुसा झाला. "सात वर्षं प्रत्येक फिल्म अशीच?"

"प्रत्येक, सार. एक बी चुकली न्हाई."

हे ती मुद्दाम नाही म्हणाली. तिच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि निघाल्यावर तिनं पदर तोंडाशी नेला.

ती बसली. लाभ, दोन, तीन. प्रेमा शेजारी उभी राहून चिंचोके सरकवत होती. दर विसाला गोजराक्काचं बोट सवयीनं पुढच्या काट्यावरून उडी मारायला जाई, थबके, मागे येई. पाऊण तास लागला. शेवटी बेचाळीस चिंचोके आणि वर अकरा.

आठशे एक्कावन्न.

दादानं दोन्ही हात तोंडावर घेतले. त्याच्या खांद्यांवरून कळत होतं, आतून तो रडत होता. सर कपाटाशी गेले, दार उघडलं आणि फिल्मच्या डब्यांच्या रांगांकडे पाठमोरे बघत राहिले. सात वर्षांचे छापलेले आकडे. त्यांचा स्वच्छ कोट एकाएकी त्यांना मोठा झाल्यासारखा दिसत होता.

"यंत्र राहील," मागे न वळता ते म्हणाले. एवढंच. गोजराक्काविषयी एक अक्षर नाही. ती चिंचोके पिशवीत भरायला लागली, एकेक करून, जणू परत कधी लागणार नाहीत असे.

आणि मग प्रेमाची जीभ सुटली.

"सर! डबा फक्त जिवंत नस ऐकतो. फिल्म नाही मोजू शकत तो." तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "ते बेडूक कधीच मेले. जुन्या फिल्म कोण मोजणार? आम्ही मोजलं तर रोज नवा आकडा येतो. या खोलीत एकच माणूस आहे ज्याचा आकडा बदलत नाही. सुटीचा एक सोडला नाही, की झालं!"

सर वळले. ते तिच्यावर ओरडणार असं तिला वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सोमवारी बघू," ते म्हणाले आणि निघून गेले.

सोमवारी बघू! या संस्थेत सोमवारी बघू म्हणजे काय, हे कुणालाच कधी कळलेलं नव्हतं. त्याचा अर्थ हो असे, नाही असे, आणि बहुतेक वेळा काहीच नसे. दादा झाकण परत बसवायला लागला. स्क्रू दोनदा खाली पडला. गोजराक्का पिशवी कमरेला खोचून उभी होती. दाराकडे गेली. तिथून परत आली.

"सोमवार लांब हाय," ती म्हणाली.

तिनं उघड्या कपाटातून अगदी खालचा, पहिल्या वर्षाचा डबा काढला, फुंकर मारून धूळ उडवली, आणि फिल्मचं टोक भिंगाखाली धरलं.

"काय बघत उभी राहिलीस, पोरी? चिंचोके सरकव."

प्रेमा बसली. लाभ, दोन, तीन. गोजराक्काचा आवाज घोगरा झाला होता. अठरा, एकोणीस, वीस. प्रेमानं चिंचोका सरकवला. गोजराक्काचं बोट उचललं गेलं, पुढच्या काट्यावरून निम्मं पलीकडे गेलं, आणि तिथंच हवेत थांबलं. मग ते मागे आलं आणि त्या काट्यावर टेकलं.

"लाभ," ती म्हणाली.